सकाळचे वजन, दुपारचे वजन

एक उदाहरण घेऊ. एका माणसाचे सकाळी सात वाजता, उठून लघवीला जाऊन आल्यावर, वजन केले. ते भरले ६० किलो. त्याच माणसाचे त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत, दुपारी चार वाजता पुन्हा वजन केले. ते भरले ६३ किलो. काटा बिघडलेला नाही. मग मधल्या नऊ तासांत हे तीन किलो आले कुठून?

हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. मुले आधी जेवणाचा हिशेब मांडतील. पण डाळ, भात, चार पोळ्या, भाजी, ताक असे भरपेट जेवण तोलून पाहिले तरी ते एक किलोच्या आसपास जाते. शिवाय श्वास, घाम आणि लघवी यांच्या वाटे वजन सारखे कमीही होत असते. म्हणून तुमचे-आमचे वजन सकाळपासून दुपारपर्यंत साधारणपणे अर्धा-एक टक्का वाढते. साठ किलोच्या माणसाचे म्हणजे तीनशे ते सहाशे ग्रॅम. तीन किलो म्हणजे तब्बल पाच टक्के. याला उत्तर एकच: पाणी. हा माणूस भरपूर पाणी प्यायला आहे आणि त्यातले सुमारे तीन लिटर अजून त्याच्या शरीरातच आहे.

हे उदाहरण मी सोयीसाठी रचले आहे, पण असे आकडे मनोरुग्णालयांच्या नोंदवह्यांत खरोखरच सापडतात. वर्षानुवर्षे मनोरुग्णालयात राहिलेल्या, विशेषतः स्किझोफ्रेनिया झालेल्या, रुग्णांपैकी काही जण दिवसभर पाणी पीत राहतात. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये त्यांचे प्रमाण शंभरात सहा ते वीस असे आढळले आहे. दिवसाला सात-आठ लिटर ही नेहमीची गोष्ट. काही जण पंधरा लिटरच्याही पुढे जातात. हातात सतत पेला किंवा बाटली, नळाशी वारंवार खेपा. नळ बंद केला तर न्हाणीघरातले, फुलदाणीतले, प्रसंगी संडासातले पाणीही पितात. बरेच जण काही न होता वर्षे काढतात. पण त्यांच्यातल्या काहींना एखाद्या दुपारी अचानक फिट येते, ते बेशुद्ध होतात, आणि वेळीच लक्षात आले नाही तर दगावतातही. विष नाही, जंतू नाही. स्वच्छ, पिण्याचे पाणी!

वॉर्डातल्या परिचारकांना असे रुग्ण पूर्वीपासून माहीत होते. ‘तो पाणी पिणारा’ अशी त्यांची ओळखच असायची. पण ‘वेड्याचा एक चाळा’ यापलीकडे त्याचा विचार व्हायला फार वेळ लागला.

वूस्टरमधली मोजमापे

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर येथे १८३३ मध्ये सुरू झालेले एक मोठे सरकारी मनोरुग्णालय होते. तेथे १९३० च्या सुमारास अंतःस्रावी ग्रंथींचे अभ्यासक रॉय हॉस्किन्स आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस स्लीपर एक मोठा अभ्यास करत होते. स्किझोफ्रेनियाचे मूळ संप्रेरकांच्या बिघाडात सापडेल अशी त्यांना आशा होती. म्हणून ते रुग्णांचे जे जे मोजता येईल ते ते मोजत होते: रक्तदाब, नाडी, वजन, आणि चोवीस तासांची लघवी.

ज्या कारणाच्या शोधात ते निघाले होते ते काही हाती लागले नाही. पण १९३३ मध्ये त्यांनी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यात एक विचित्र गोष्ट होती. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची दिवसाची लघवी निरोगी माणसांच्या मानाने सरासरी जवळजवळ दुप्पट होती. लघवी दुप्पट म्हणजे पिणेही दुप्पट, हे उघड आहे.

हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. स्किझोफ्रेनियावरचे पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझीन, मनोरुग्णांसाठी वापरले जाऊ लागले १९५२ मध्ये. पुढे कित्येक डॉक्टर म्हणू लागले, ‘या औषधांनी तोंड कोरडे पडते, म्हणून रुग्ण पाणी पितात.’ तोंड कोरडे पडते हे खरे आहे, आणि त्यामुळे पिणे वाढतही असेल. पण औषधेच नव्हती त्या काळात वूस्टरचे रुग्ण दुप्पट पाणी पीत होते. एक जुनी नोंदवही एखाद्या सोप्या, पटणाऱ्या स्पष्टीकरणाला कशी अडवू शकते याचे हे चांगले उदाहरण आहे.

पाण्याने बाधा कशी होते?

यासाठी एक जुनाच प्रयोग पुन्हा करू. बटाट्याच्या सारख्या आकाराच्या दोन फोडी कापा, तोला. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरी मिठाच्या दाट पाण्यात. तासाभराने पुसून पुन्हा तोला. साध्या पाण्यातली फोड जड आणि ताठ झालेली असेल, मिठाच्या पाण्यातली हलकी आणि लिबलिबीत. हे परासरण. पेशीच्या पटलातून पाणी सहज ये-जा करते, क्षार तसे करू शकत नाहीत. त्यामुळे जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त दाट तिकडे पाणी जाते.

आपल्या पेशीही अशाच पाण्यात बुडालेल्या आहेत. ते पाणी किती खारट असते? एक लिटर रक्तद्रवात सोडियमचे प्रमाण १३५ ते १४५ मिलीमोल असते. सलाईनच्या बाटलीत लिटरला नऊ ग्रॅम मीठ असते, त्यावरून या खारटपणाची कल्पना येईल. रक्तातले सोडियम घटले, म्हणजेच बाहेरचे पाणी पातळ झाले, की पाणी पेशींच्या आत शिरते आणि पेशी फुगतात. बटाट्याच्या पेशीला भक्कम भित्तिका असते, ती ताठ होऊन थांबते. आपल्या पेशींना भित्तिका नाही. तरीही हातापायाचे स्नायू थोडे फुगले तर फारसे बिघडत नाही, त्यांना पसरायला जागा आहे. मेंदू मात्र कवटीच्या बंद डब्यात आहे. तो फुगला की दाब वाढतो. आधी डोके दुखते, मळमळते, उलटी होते. मग तोल जातो, बोलणे अडखळते, माणूस गोंधळतो, अस्वस्थ होतो. सोडियम झपाट्याने १२० च्या आसपास उतरले तर फिट येऊ शकते, पुढे बेशुद्धी. याला ‘जलविषबाधा’ म्हणतात. १९२० च्या दशकात मेयो क्लिनिकमध्ये लिओनार्ड राउंट्री यांनी प्राण्यांना फार पाणी पाजून ही अवस्था दाखवून दिली होती.

आता आपल्या साठ किलोच्या माणसाचा हिशेब करू. शरीराच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी धरले तर त्याच्यात ३६ लिटर पाणी आहे. सोडियम १४० आहे असे समजू. वर तीन लिटर पाणी साठले, क्षार तेवढेच राहिले, तर नवे प्रमाण:

१४० × ३६ ÷ ३९ = सुमारे १२९

आणि तीनऐवजी सहा लिटर साठले तर?

१४० × ३६ ÷ ४२ = १२०

एखादा चौकस विद्यार्थी येथे अडवेल: सोडियम तर मुख्यतः पेशींच्या बाहेर असते, मग भागाकार सगळ्या शरीरातल्या पाण्याने का? त्याला शाबासकी द्या. उत्तर असे की प्यायलेले पाणी पेशींच्या बाहेर थांबत नाही, आत-बाहेर सगळीकडे वाटले जाते. पेशींच्या आत पोटॅशियम आहे, तेही त्याच प्रमाणात पातळ होते. हा हिशेब ढोबळच आहे, पण पाच टक्के वजन वाढले की सोडियम १३० च्या खाली जाते आणि दहा टक्के वाढले की जिवावर बेतू शकते, एवढे त्यातून नीट कळते.

मूत्रपिंड किती पाणी काढू शकते?

मग दिवसाला आठ-दहा लिटर पिणारे अनेक जण धडधाकट कसे राहतात? कारण निरोगी मूत्रपिंडाची ताकद अफाट आहे. लघवी जास्तीत जास्त पातळ करायची ठरवली तर मूत्रपिंड एका लिटरमध्ये फक्त ५० मिलिऑस्मोल विरघळलेले पदार्थ घालून ते पाणी बाहेर टाकते. मिलिऑस्मोल म्हणजे विरघळलेल्या कणांची संख्या मोजण्याचे एकक. पूर्ण शुद्ध पाणी मात्र त्याला टाकता येत नाही, थोडे क्षार आणि युरिया सोबत जावेच लागतात. नेहमीच्या जेवणातून रोज ६०० ते ९०० मिलिऑस्मोल टाकाऊ पदार्थ तयार होतात. मधला आकडा ७५० धरला तर ७५० ÷ ५० म्हणजे १५ लिटर. तासाच्या हिशेबाने सव्वासहाशे मिलिलिटरच्या आसपास.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पंधरा लिटर दिवसभरात पसरून पिणे आणि चार लिटर एका तासात पिणे या निराळ्या गोष्टी आहेत; दुसरी जास्त धोक्याची. दोन, जो नीट जेवत नाही त्याची पाणी टाकण्याची मर्यादाही घसरते. दिवसाला २०० मिलिऑस्मोलच तयार होत असतील तर चारच लिटर पाणी बाहेर जाऊ शकेल. मनोरुग्णालयातला उदास, जेवण टाळणारा रुग्ण या दुसऱ्या अर्थानेही धोक्यात असतो.

(हे वाचून शाळेतल्या मुलांच्या बाटल्यांकडे संशयाने पाहू नका. आपल्या शाळांमधली अडचण बहुधा उलटी असते. स्वच्छतागृह धड नाही म्हणून कितीतरी मुली दिवसभर पाणी प्यायचे टाळतात, हे शिक्षकांना ठाऊक आहे.)

तहान आणि तोटी

मूत्रपिंडाला ‘आता पाणी सोड’, ‘आता राखून ठेव’ हे सांगतो कोण? केंब्रिजच्या अर्नेस्ट व्हर्नी यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात किंचित दाट क्षारद्रावण सोडले. लगेच लघवी कमी झाली. मेंदूत कुठेतरी रक्ताची दाटी मोजणारे संवेदक असले पाहिजेत, असे त्यांनी १९४७ मध्ये मांडले. ते खरे निघाले. हे संवेदक हायपोथॅलॅमसच्या भागात आहेत आणि दाटीतला एक-दोन टक्क्यांचा फरकही त्यांना कळतो. रक्त दाट झाले की ते दोन कामे करतात: तहान जागी करतात, आणि पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडवतात. व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांना पाणी परत शोषून घ्यायला लावते. त्यासाठी नळ्यांच्या पेशींवर पाण्याची दारे उघडली जातात. ही दारे म्हणजे ॲक्वापोरिन नावाची प्रथिने. पाण्याच्या अशा मार्गांच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. रक्त पातळ झाले की याच्या उलट घडते. तहान भागते, व्हॅसोप्रेसिन जवळजवळ थांबते, दारे बंद होतात आणि भरपूर पातळ लघवी होते.

तहानेचे केंद्र खरोखर मेंदूत आहे हे स्वीडनमध्ये बेंग्ट अँडरसन यांनी १९५० च्या दशकात शेळ्यांवर दाखवले. हायपोथॅलॅमसमध्ये दाट मिठाच्या पाण्याचा थेंबभर अंश टोचला की तहान नसलेली शेळीही पाण्याकडे धाव घेई आणि पीतच राही. घसा कोरडा नव्हता, शरीरात पाणी कमी नव्हते, तरी तिला तहान होती. ‘तुला कशाला तहान लागेल, आत्ताच तर प्यायलास!’ असे आपण कोणाला म्हणतो तेव्हा ही शेळी आठवावी.

आता रुग्णांकडे परत येऊ. शिकागोच्या मॉरिस गोल्डमन, डॅनियल लुचिन्स आणि गॅरी रॉबर्टसन यांनी १९८८ मध्ये खूप पाणी पिणाऱ्या मनोरुग्णांचे दोन गट तपासले. एका गटातल्या रुग्णांचे सोडियम उतरत असे, दुसऱ्या गटाचे उतरत नसे. पिणारे दोघेही. मग फरक कशात होता? सोडियम उतरणाऱ्या रुग्णांमध्ये रक्त पातळ झाले तरी व्हॅसोप्रेसिन पुरते थांबत नव्हते. संवेदकाचा काटाच खालच्या आकड्यावर सरकलेला होता. त्यांची मूत्रपिंडे त्या थोड्या व्हॅसोप्रेसिनलाही जास्त प्रतिसाद देत होती. आणि तहानेचा काटाही तसाच खाली सरकलेला होता. जिथे आपली तहान भागते तिथे त्यांना पाणी हवेच होते. म्हणजे वरून तोटी सुरू, खालचे भोक अर्धे बुजलेले.

त्यात इतर गोष्टींची भर पडते. मनाचा आजार तीव्र होतो तेव्हा व्हॅसोप्रेसिन आणखी सुटते. निकोटीनमुळेही ते सुटते, आणि या रुग्णांमध्ये भरमसाट विड्या-सिगारेटी ओढणारे पुष्कळ असतात. कार्बामाझेपिनसारख्या काही औषधांनी सोडियम उतरते. आणि व्हॅसोप्रेसिन सोडवणारे अतिशय प्रबळ कारण कोणते, तर मळमळ! फार पाणी झाल्याने मळमळते, मळमळल्याने मूत्रपिंड पाणी अडवते, पाणी अडल्याने आणखी मळमळते.

ते पितात का?

याला एकच उत्तर नाही. रुग्णांना विचारले तर कोणी म्हणतो तोंड कोरडे पडते, कोणी म्हणतो पाण्याने बरे वाटते, कोणी सांगतो अंगातले विष धुऊन निघते, कोणाला आतला आवाज ‘पी’ म्हणून आज्ञा करतो. पुष्कळ जण काहीच सांगत नाहीत. गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे अशा रुग्णांच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या आसपास, काही फरक आढळले. ताण आल्यावर उठणाऱ्या संप्रेरकांना आवर घालण्यात या भागाचा हात असतो. पण गाठ अजून पुरती सुटलेली नाही.

मला स्वतःला या संदर्भात उंदरांचा एक प्रयोग फार बोलका वाटतो. जॉन फॉक यांनी १९६१ मध्ये तो प्रसिद्ध केला. भुकेल्या उंदरांना त्यांनी अन्नाच्या छोट्या गोळ्या एकदम न देता साधारण मिनिटाला एक अशा थांबून थांबून दिल्या. शेजारी पाण्याची नळी होती. उंदरांना पाण्याची काही कमतरता नव्हती. तरी दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात ते पाणी पीत सुटले. सुमारे तीन तासांत आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी प्यायले! हवी ती गोष्ट थेंबाथेंबाने मिळत असते, मधल्या वेळात करायला काही नसते, आणि समोर पाणी असते. मनोरुग्णालयातला दिवस आठवा. औषधाची वेळ, चहाची वेळ, जेवणाची वेळ, आणि मध्ये लांबलचक काहीच नाही. उंदरावरून माणसाविषयी थेट निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पण रिकामा वेळही या आजाराचा एक भाग असू शकतो, एवढी शंका घ्यायला हरकत नाही.

सकाळच्या फेरीत न दिसणारा आजार

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात व्हिक्टर व्ह्यूवेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एक साधी गोष्ट पाहिली. या रुग्णांचे सोडियम सकाळी बरेचसे ठीक असते आणि दुपार उतरेपर्यंत घसरते. कारण रात्री झोपेत पिणे थांबते आणि मूत्रपिंड साठलेले पाणी काढून टाकते. दिवस उजाडला की पुन्हा सुरू.

आता रुग्णालयाची पद्धत पाहा. डॉक्टरांची फेरी सकाळी, रक्त घ्यायचे तेही सकाळी. अहवाल येतो: सोडियम ठीक. दुपारी तोच रुग्ण बडबडू लागतो, भिंतीला धरून चालतो, अंगावर येतो. त्याचे कागद सांगतात की हा जुना मनोरुग्ण आहे. मग आजार वाढला असे समजून औषधाचा डोस वाढवला जातो. मेंदूला सूज आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. रोग होता तिथेच होता, फक्त पाहण्याची वेळ चुकत होती.

दुपारी रोज प्रत्येकाचे रक्त काढणे शक्य नाही. पण वजन करता येते. सकाळचे आणि दुपारचे वजन, आणि त्यांतल्या फरकाचे सकाळच्या वजनाशी शेकडा प्रमाण, एवढेच. गोल्डमन आणि लुचिन्स यांनी १९८७ मध्ये यावरून एक पद्धत सुचवली. प्रत्येक रुग्णाच्या सकाळच्या वजनावरून आणि सोडियमवरून त्याची एक वरची मर्यादा ठरवायची. वजन मर्यादेच्या आत असेल तोवर त्याला मोकळे फिरू द्यायचे. ओलांडले की काही तास पाण्यापासून दूर, नजरेसमोर बसवायचे आणि गरज वाटल्यास रक्त तपासायचे. बहुतेक वेळा तेवढ्यात जास्तीचे पाणी लघवीवाटे निघून जाते.

याआधीचा उपाय म्हणजे नळाला कुलूप, नाहीतर रुग्णाला खोलीत बंद करणे. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला सन्मानाने जगण्याचा आणि क्रूर, मानहानिकारक वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क दिला आहे. एका पिणाऱ्या रुग्णासाठी सगळ्या वॉर्डाचे पाणी तोडणे त्यात कसे बसेल? आणि उपयोग तरी किती? पाणी शोधून काढण्यात हे रुग्ण पहारेकऱ्यांपेक्षा हुशार असतात. वजनकाटा कोणालाच तहानलेले ठेवत नाही. मात्र दिवसातून दोनदा, न कंटाळता, वजन करणारे माणूस वॉर्डात हवे. हीच अडचण मोठी आहे.

औषधांपैकी क्लोझापिनने अनेक रुग्णांचे पिणे कमी होते असे १९९० च्या दशकापासून दिसून आले आहे. त्याने पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटू शकतात, म्हणून ते नियमित रक्ततपासणीखालीच दिले जाते. खडीसाखरेचा खडा किंवा बर्फाचा तुकडा चघळायला देणे, पेला लहान ठेवणे, हाताला काम देणे, असे लहान उपायही कामी येतात. आणि ज्याचे सोडियम खरोखर फार उतरले आहे त्याचे ते घाईने वर चढवायचे नसते. खालच्या सोडियमशी जुळवून घेण्यासाठी मेंदूच्या पेशींनी एक-दोन दिवसांत आपले काही क्षार आणि इतर रेणू बाहेर टाकलेले असतात. बाहेरचे पाणी एकदम दाट झाले तर या पेशी आक्रसतात आणि मेंदूतल्या चेतातंतूंवरचे आवरण नष्ट होऊ शकते. १९५९ मध्ये ॲडम्स, व्हिक्टर आणि मॅन्कॉल यांनी वर्णन केलेला हा विकार सोडियम घाईने वाढवल्यामुळे होतो, हे नंतर उमगले. म्हणून चोवीस तासांत आठ-दहा मिलीमोलपेक्षा जास्त वाढ सहसा होऊ देत नाहीत.

एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची. ओळखीच्या घरात कोणी मनोरुग्ण खूप पाणी पीत असेल तर लगेच पेला हिसकावू नका. मधुमेहातही खूप तहान लागते, ती तपासणी आधी हवी. आणि लिथियम हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांची मूत्रपिंडे व्हॅसोप्रेसिनचे ऐकेनाशी होतात. पाणी थांबतच नाही, लघवीवाटे वाहून जाते. हा रुग्ण लघवी जास्त होते म्हणून पाणी पितो, आपला दुसरा रुग्ण पाणी पितो म्हणून त्याला लघवी जास्त होते. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. एकाचे पाणी आवरायचे असते. दुसऱ्याचे तोडले तर त्याचे सोडियम वर चढून तो मरणाच्या दारी जाईल. कोण कुठला हे रक्त-लघवीची तपासणीच सांगते.

वर्गासाठी एक गणित

एका वॉर्डात तिघांची वजने केली आहेत (हे आकडेही रचलेलेच).

अ: सकाळी ५० किलो, दुपारी ५१.५ किलो.
ब: सकाळी ७२ किलो, दुपारी ७५.६ किलो.
क: सकाळी ४५ किलो, दुपारी ४८.६ किलो.

ब आणि क यांचे वजन किलोत सारखेच वाढले आहे. तरी त्यांतला एक जास्त धोक्यात आहे. कोण, आणि का? शरीरातले पाणी वजनाच्या ६० टक्के आणि सकाळचे सोडियम तिघांचेही १४० धरून दुपारचे सोडियम काढायला सांगा. मग मुलांना ठरवू द्या: कोणाला तातडीने डॉक्टरांकडे पाठवायचे, कोणाला जवळ बसवून ठेवायचे, आणि कोणाला वॉर्डाबाहेरच्या बागेत जाऊ द्यायचे, पण चहाच्या वेळी पुन्हा एकदा काट्यावर बोलवायचे.